कोरांटीचं वाण

मु. पो. किन्हीराजा,
ता. मालेगाव, जि. वाशिम
२८ डिसेंबर २०२५

आदरणीय ज्योत्स्नाताई यांना,
किन्हीराजाहून मारोतरावचा नमस्कार.

अक्षर अनोळखी वाटेल म्हणून आधीच सांगतो, मी प्रयागचा नवरा. "मारोतराव अजून हसतात का हो आपल्याला?" असं तुम्ही फोनवर लिहून विचारता, तो मारोतराव मीच. माझी तब्येत बरी आहे. थंडीनं गुडघा कुरकुरतो, पण हरभऱ्याला पाणी द्यायला जाता येतं. तूर यंदा बरी आहे. तुमचा हात आता सुजत नाही ना? तुमच्या मिस्टरांचं पथ्य नीट चाललंय ना? साताऱ्याला थंडी आमच्यापेक्षा जास्तच असणार.

तुमचा मेसेज परवा पोचला. रिपोर्ट स्वच्छ आला, आता औषधंही कमी केली, हे वाचलं आणि फोन ओट्यावर ठेवून मी उगाचच गोठ्यात एक चक्कर मारून आलो. खरंच फार बरं वाटलं. पण त्याच मेसेजात पुढं लिहिलंय, की बंद झालेली कोरांटीची पिशवी अखेर सापडली, ती मी कुरिअरनं पाठवणार नाही, संक्रांतीला ट्रॅव्हल्सनं येऊन प्रयागताईंच्या हातात वाण म्हणून देणार. तेव्हा तुम्ही तिकीट काढायच्या आत हे पत्र तुम्हांला मिळायला पाहिजे. फोनवरही लिहिता आलं असतं, पण त्या फोनवरून हे लिहायचं नाही असं मी ठरवलंय. उद्या सकाळी मालेगावला जाऊन स्पीड पोस्टानं टाकीन.

मी मुद्द्यावर यायला वेळ लावतो. प्रयाग म्हणायची, "तुमच्यापेक्षा बैलगाडी बरी, ती निदान रस्त्यानं जाते." तर आधी पिशव्यांचं सांगू द्या. तुम्हांला त्यातलं बरंच ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ठाऊक नाही.

पहिली पिशवी निकितानं आणली, आमच्या सुनेनं, पुण्याहून. राखाडी कापडावर गुलाबी तेरडा. तोवर प्रयागचा सगळा कारभार कमरेच्या बटव्यात चालायचा, आणि बाजाराला खताच्या पोत्याची शिवलेली थैली. पर्स ही मास्तरीणबाईंनी घ्यायची वस्तू, असं तिचं मत होतं. त्या दिवशी तिनं पिशवीत हात घालून अस्तर बाहेर ओढलं आणि पाहत बसली. बाहेर तेरड्याचं फूल, आत अस्तरावर तेरड्याच्या शेंगा छापलेल्या.

"आत कोन पाह्यते?" ती म्हणाली. "तरी बी छापलं!"

तेव्हापासून ती पिशवी तिच्या खांद्यावरून उतरली नाही. निंदायला जातानासुद्धा घेऊन जायची आणि बांधावरच्या बाभळीला टांगून ठेवायची. पुढं तिची चेन गेली, कोपरे फाटले. मग मी तिला अकोल्याला घेऊन गेलो, म्हटलं तशीच दुसरी घेऊ. दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, तो पॅटर्न बंद झाला. कंपनी दरवर्षी जुने बंद करते. नवीन बघा ना."

"नवीन मले नाई पायजे. चांगलं चालू होतं ते काहून बंद केलं, ते सांग."

परतीच्या एसटीत प्रयाग जुन्या पिशवीचे फाटके कोपरे चाचपत होती. फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "वाण मोडला म्हना की."

तुमच्याकडे वाण म्हणजे संक्रांतीला लुटायचं ते. आमच्या तोंडात वाण म्हणजे बियाण्याची जात. माझ्या वडलांच्या वेळी ज्वारीचे कितीतरी वाण होते. एकेक मोडत गेला आणि आम्हांला कळलं तेव्हा पेरायला मूठभरही कुणाकडं उरला नव्हता. हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. छाप बंद होणं आणि बियाणं मोडणं तिला सारखंच वाटलं. मी हसलो. म्हटलं, ज्वारी खाता तरी येते, पिशवी काय शिजवणार आहेस?

मग निकितानं तिच्या फोनवर ते वापरलेल्या वस्तूंचं ॲप घालून दिलं, प्रयागच्या नावानं खातं उघडून दिलं, आणि माझ्या घरात ह्या रोगाचा शिरकाव झाला. आधी तेरडा सापडला, नाशिकच्या एका बाईकडं. मग बाभूळ, जी मला स्वतःला आवडली होती, पण मी तसं बोललो नाही. दुकानात गेलं, पैसे टाकले, वस्तू घेतली, यात तिला मजा वाटत नसे. ही बंद झालेली पिशवी कुठंतरी कपाटाच्या तळाशी पडलेली असते, आणि जिच्या कपाटात पडलीय तिला ठाऊक नसतं आपल्याकडं काय आहे. ते प्रयागला ठाऊक असायचं. तिला आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी ठाऊक होतं जे आजूबाजूला कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर त्याचा तोरा दिसायचा.

आणि तिची युक्ती तर पुढं तुम्ही ग्रुपवरच्या सगळ्यांनी उचलली. विकणाऱ्या पोरांना फुलांची नावं येत नाहीत, ती मनाला येईल ते लिहितात. बाकीच्या बाया बरोबर नाव टाकून शोधत बसायच्या, प्रयाग चुकीचं टाकायची. गोकर्ण तिला 'गोकुळ' म्हणून सापडली. रुई 'रूही' म्हणून. आणि कोरांटीसाठी ती 'गॅरंटी पर्स' टाकून पाहायची आणि एकटीच हसायची. "गॅरंटी काई सापडून नाई राह्यली हो," म्हणायची.

कोरांटीच का, हे तिनं तुम्हांला सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही. रिठदला तिच्या माहेरी वाड्याला कोरांटीचं कुंपण होतं. लहानपणी तिच्या हातांना कायम त्याचे काटे बोचलेले असायचे. भावांनी ते सगळं काढून तारेचं कुंपण घातलं, आता तिथं कोरांटीची एक काडी नाही. फुलाला वास नाही, देवालाही कुणी फारसं वाहत नाही, मी तिला विचारलं की ह्या काटेरी झाडाचं एवढं काय. त्यावर ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

'बंद फुलं' ह्या तुमच्या ग्रुपवर ती आली आणि तुमची गाठ पडली. तुम्ही पहिल्याच आठवड्यात तिला तुमच्याकडची जादा अबोली पाठवलीत आणि पैसे घेतले नाहीत. ती पिशवी तिनं शेजारणीला हातही लावू दिला नाही. "साताऱ्याच्या ज्योत्स्नानं धाडली," एवढं मात्र सगळ्या आळीला सांगून आली.

नंतर तिला छातीत गाठ निघाली, अकोल्याला ऑपरेशन झालं. ते तिनं ग्रुपवर नाही, फक्त तुम्हांला कळवलं. पण एक गोष्ट तिनं तुम्हांलाही कळवली नाही. त्या सलाईनच्या औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. फोनच्या काचेवर बोट ठेवलं तरी अक्षर उमटत नसे. मग ती खाटेवर पडून बोलायची आणि मी तिच्या फोनवर लिहायचो. जसं बोलेल तसं लिहायचं, असा हुकूम होता. सुधारून लिहिलेलं तिला ओळखू यायचं. तुम्हांला सांगू नका म्हणाली, कारण "बायाच्या गोष्टीत तुमी कायले?"

आठवतं ना, तिनं लिहिलं होतं, "मी बी येतो एकदा साताऱ्याले." ते मीच लिहिलेलं. तुम्ही लगेच उत्तर दिलंत, "अहो प्रयागताई, येतो काय? येते म्हणा!" मी वाचून दाखवलं तर ती पोट धरून हसली, टाके दुखले तरी हसली. म्हणाली, "तिले सांगा, आमच्याकडं बाया बी येतोच म्हन्तात." खरंच आहे ते. आमच्याकडच्या बाया मी जातो, मी करतो असंच म्हणतात. तुम्ही नंतर तिला त्यावरून किती चिडवलंत. आणि पुढं तुम्हीही लिहायला लागलात, "चला प्रयागताई, मी झोपतो आता."

तेव्हा तिचा रिपोर्ट चांगला आला होता. ती बरी झाली असं तुम्हांला कळवलं, ते अगदी खरं होतं. वर्षभर ती खरंच बरी होती. कापूस वेचायला गेली, केनवडच्या बाजारात गोकर्ण मिरवली. मग उन्हाळ्यात पाठ दुखायला लागली. वाकल्यामुळे असेल म्हणून आधी बाम चोळत बसलो. पाठीत काय होतं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तुम्हांला लिहू म्हटलं, तर म्हणाली, "मांगच्या खेपेले कळवलं, ते बरं होनारं होतं म्हनून. आता कायले?"

ज्योत्स्नाताई, प्रयाग नाही. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी ती गेली.

हे वाक्य लिहायला मला सव्वा वर्ष लागलं. तुम्ही खाली बसून घ्या, पाणी प्या. मी इथंच आहे, पुढचंही सगळं सांगतो.

अकोल्याला न्यायला गाडी दारात उभी होती. आमचा मुलगा गणेश पुण्याहून आला होता, त्यानं तिला धरलं होतं. उंबऱ्यावर ती थांबली आणि मला म्हणाली, "उघाड पडली की पिशव्या सावलीत टाकजा. दमट वास धरतेत. येतो मी." घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, ही सगळीकडचीच रीत आहे. तिनं ती पाळली. त्यानंतर आणखी एक वाक्य म्हणाली, ते शेवटी लिहितो.

गणेश म्हणाला, बाबा, आईचा फोन बंद करून टाकू. मी नको म्हटलं. ग्रुपवर कळवायला पाहिजे म्हणून कितीदा तरी बसलो. 'प्रयाग' एवढं लिहायचो आणि पुढचं क्रियापद माझ्याच्यानं लिहिलं जात नसे. बाया समजल्या असतील की तिचा नाद सुटला.

मग दिवाळीत तुमचा मेसेज आला. तुम्हांलाही गाठ निघाली होती. तीच. तुम्ही लिहिलं होतं, "प्रयागताई, तुमचं सगळं नीट झालं ना? तुम्ही त्यातून उठलात, तेवढाच मला धीर आहे. आधी तुम्ही कशा आहात ते सांगा."

मी तेव्हा वावरात होतो, स्प्रिंकलरचे पाइप जोडत होतो. तिथंच मातीत बसलो. तुम्हीच सांगा, त्या दिवशी तुम्हांला मी काय लिहायला पाहिजे होतं?

मी लिहिलं, "मी जेवतो, झोपतो, वावरात जातो. तुमी बी बऱ्या होसान." त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मी जेवतच होतो, झोपतच होतो, वावरात तर बसलोच होतो. ती जशी बोलायची तसंच ते उमटलं, मला एक अक्षर बदलावं लागलं नाही. तुमचं उत्तर आलं, "तुमचं ते 'जातो' वाचलं आणि जीव भांड्यात पडला." पुढं मात्र तुम्ही दर वेळी विचारायचात, कशा आहात, आणि मला लिहावं लागायचं, "बरी हाय." खोटं म्हणाल तर तेवढंच, 'री'ची वेलांटी. पण ती मी दिली, आणि वर्षभर देत राहिलो.

फोनवर बोलू म्हणालात की घसा बसलाय म्हणून लिहायचो. एवढा बसलेला घसा जगात कुणाचा नसेल. तुम्हांला संशय आला नाही, की आला आणि तुम्ही विचारलं नाही, मला कळायला मार्ग नाही.

एका गोष्टीची फार लाज वाटते. तुम्ही ऑपरेशननंतरचं सगळं तिला लिहिलंत. आरशापुढं उभं राहवत नाही, मिस्टरांसमोर पदर सोडवत नाही. ते बाईनं बाईला सांगायचं. ते ह्या म्हाताऱ्यानं वाचलं. वाचायला नको होतं, पण न वाचता उत्तर कसं देणार? तेव्हा मी मनाचं काही लिहिलं नाही, एवढं माझ्यावर विश्वास ठेवा. प्रयागनं आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला होता आणि एक दिवस स्वतःच सरळ केला, ते लिहिलं. सुजलेला हात रात्री उशीवर उंच ठेवायची, ते लिहिलं. मी जे पाहिलं होतं तेच तुमच्याकडं पोचवलं. तरीही माफी मागतो.

तुमच्यासाठी केलं असं म्हणून मी सुटणार होतो. हे पत्र दोनदा तसं लिहून फाडलंही. पण ते अर्धंच खरं आहे. गणेश बोलतो ते 'आई होती तेव्हा' असं बोलतो. गावात तिचं नाव कुणी काढत नाही, मला वाईट वाटेल म्हणून. सगळ्या जगात तुम्ही एकट्या होतात, "प्रयागताई, जेवलात का?" असं विचारणाऱ्या. तो मेसेज आला की मी जेवलेलो नसलो तर उठून जेवायचो, मग उत्तर लिहायचो. इथं ती गेली होती, साताऱ्यात होती. तुम्हांला कळवलं की तिथूनही जाणार, आणि तिथून गेली की कुठंच नाही. याच्यासाठी मी गप्प राहिलो. माझ्या स्वार्थासाठी.

आणि मला तिचा रोगही लागला. मोटर चालू करून बांधावर बसायचं आणि 'गॅरंटी पर्स' शोधायची. आमचा शेजारी देवमन एकदा मागून येऊन उभा राहिला. "मारोतराव, बायाइच्या पर्सा पाहून राह्यले?" म्हणाला. मी म्हटलं, "हो, तुले घेऊ का एक?" तो हसला आणि मग हसायचा थांबला. त्याच्या ध्यानात आलं असावं.

ह्या महिन्याच्या सुरुवातीला खरंच कोरांटी निघाली. पिवळी फुलं, अस्तरावर काटे छापलेले, कोल्हापूरकडच्या कुणीतरी 'करंट बॅग' म्हणून टाकलेली. चष्मा घरी राहिला होता म्हणून पत्ता नीट टाकता येईना, चष्मा आणायला गेलो, परत येऊन पाहतो तर विकली गेली. जिनं घेतली तिला मी मनात काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहिता येणार नाही. परवा तुमचा फोटो आला तेव्हा कळलं ती तुम्ही होतात. डाव्या पट्ट्यावर तोच, ॲपवरच्या फोटोत पाहिलेला शाईचा डाग. आपण दोघं एकाच पिशवीमागं होतो, एकाच बाईसाठी.

तर आता संक्रांतीचं. तुम्ही वाण घेऊन येणार, पण ते घ्यायला ह्या घरात सवाष्ण नाही. मला ओटी भरता येत नाही आणि पुरुषाच्या हातात वाण कुणी देत नाही. यावं की नाही ते तुम्ही ठरवा. रागानं येणार नसाल तर तो तुमचा हक्क आहे, मी पुन्हा एका शब्दानंही त्रास देणार नाही. कोरांटी तुमच्याकडं राहू द्या. कपाटात मात्र ठेवू नका. खांद्याला लावून बाजारात जा, प्रयाग तशीच गेली असती. आणि आलात, तर तिच्या सगळ्या पिशव्या जागेवर आहेत. ह्या ऑक्टोबरातही मी त्या सावलीत टाकल्या होत्या. मध्ये कडुलिंबाचा पाला ठेवलाय. एकीलाही वास लागलेला नाही, हे तुम्ही हात घालून पाहिलंत तर मला बरं वाटेल.

एक विचार तुमच्या मनात येईल, तो आत्ताच काढून टाका. ती गेली म्हणून तुम्हीही जाल, असं नाही. तुमचं वेळेत सापडलं. तुमचा रिपोर्ट तुमचा आहे. तो हातात आल्यावरच मी हे लिहायला घेतलं, त्याच्या आधी लिहायची माझी छाती नव्हती.

मालेगावहून परत आलो की तिचा फोन बंद करीन. ग्रुपवर तुम्हीच सांगा, तुम्ही बाईच्या तोंडानं नीट सांगाल. मिस्टरांना नमस्कार. हात जपा.

आता ते राहिलेलं वाक्य. उंबऱ्यावर "येतो मी" म्हणून झाल्यावर गणेशनं तिला गाडीकडं वळवलं. तेव्हा ती मान मागं करून मला म्हणाली, "अन् साताऱ्याच्या ज्योत्स्नाले लिहून द्या. जसं बोलतो तसंच लिहा, सुधरू नका." निरोप एका शब्दाचा होता. मी तो आजपर्यंत स्वतःजवळ ठेवला. तुमचा होता, तुम्हांला देतो.

ज्योत्स्ना, येतो.

प्रयाग
(दस्तुर मारोतराव)